हरिश्चंद्राच्या फॅक्टरीचा पत्ता

गिरगाव, दादर, वांगणी, नाशिक... आणि व्हाया मालेगाव थेट भडगाव! पहिल्यावहिल्या सिनेमाची लोकेशन्स शोधत केलेली एक भटकंती.

शूटिंगची लोकेशन्स बघायला जाणं हा आपल्या पिढीचा हक्काचा टाइमपास आहे. गोव्याला गेलो की चापोऱ्याच्या किल्ल्यावर चढायचं आणि 'दिल चाहता है'वाल्या तिघांसारखं समुद्राकडे बघत बसायचं. वाईला गेलो की मेणवलीचा घाट आणि 'स्वदेस'. लडाखला तर लोक तलाव बघायला जातात की 'थ्री इडियट्स'चा शेवटचा सीन बघायला जातात, हाच प्रश्न पडतो. फोटो काढायचा, स्टेटसला टाकायचा, विषय संपला.

पण बॉस, ज्या सिनेमापासून ही सगळी भानगड सुरू झाली, त्याची लोकेशन्स बघायला तुमच्यापैकी कुणी गेलंय का?

'राजा हरिश्चंद्र'. साल १९१३. दिग्दर्शक, निर्माता आणि बाकी जवळजवळ सगळंच : धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब. आणि तो सिनेमा कसा घडला याची धमाल गोष्ट सांगणारा परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. हा २००९ साली भारताकडून ऑस्करला पाठवला गेला आणि जानेवारी २०१० मध्ये आपल्याकडे थिएटरात लागला. नाटकातून आलेल्या मोकाशींचा हा पहिलाच सिनेमा. नंदू माधव फाळके झालेत आणि विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. इतिहासावरचा सिनेमा म्हटलं की आपण सावरून बसतो, रुमाल हाताशी ठेवतो. इथे मात्र पोट धरून हसतो. घरातलं एकेक सामान विकलं जातंय, डोळे जायची वेळ आलीय आणि हा माणूस मजेत! कुठेही रडारड नाही.

गेल्या वर्षी पुण्यात आमच्या फ्लॅटवर एका शनिवारी आम्ही चौघांनी तो पुन्हा लावला. चौघंही आयटीवाले. संपल्यावर एक जण म्हणाला, "अरे, हे सगळं नक्की झालं कुठे? जाऊन बघता येईल का?" बाकीचे तिघं हसून झोपायला गेले. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. मी मूळचा भडगावचा. जळगाव जिल्ह्यातलं, गिरणाकाठचं तालुक्याचं गाव. आमच्याकडे सिनेमा कायम बाहेरून आलेला. आधी यात्रेतल्या तंबूत, मग व्हिडिओवर, मग मोबाइलवर. तो 'तयार' होतो ती जागा आपल्यापासून लांब कुठेतरी असते, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं. म्हटलं, एकदा जाऊन बघूच ती जागा किती लांब आहे!

टेक वन : गिरगाव

सुरुवात चर्नी रोड स्टेशनपासून. गिरगावात 'अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस' नावाचं थिएटर होतं. १४ एप्रिल १९११ रोजी फाळके आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्रला घेऊन तिथे गेले. पडद्यावर प्राण्यांचा सिनेमा होता. पोराने घरी येऊन सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. पडद्यावर जनावरं चालतात म्हणे! मग दुसऱ्या दिवशी फाळके घरच्यांनाच घेऊन गेले. ईस्टरचे दिवस होते, म्हणून त्या दिवशी येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा लागला होता. तो बघता बघता फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण दिसायला लागले, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय.

वय किती? एक्केचाळीसच्या घरात. छापखान्याच्या धंद्यातून भागीदाराशी बिनसून बाहेर पडलेले. आधी फोटोग्राफी करून झाली होती, पुरातत्त्व खात्यात नोकरी करून झाली होती, जादूचे प्रयोगसुद्धा करून झाले होते. तेही 'प्रोफेसर केळफा' या नावाने. (फाळके उलटं वाचा!) आजच्या भाषेत सांगायचं तर सीव्ही बघून एचआरने पहिल्या फेरीतच बाद केला असता असा माणूस.

आणि दोन वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला तोही याच गिरगावात, कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. म्हणजे जिथे डोक्यात किडा शिरला, तिथेच तो पडद्यावर उतरला. आज तुम्ही तिथे जाल तर दोन्ही थिएटरं नाहीत. रस्ता आहे, ट्रॅफिक आहे, काही चाळी अजून तग धरून आहेत, काहींच्या जागी टॉवर उभे राहतायत. मी एका दुकानात शिरून कॉरोनेशनबद्दल विचारलं. काउंटरवरचे काका म्हणाले, "सेंट्रल म्हणायचंय का तुम्हाला?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग नाही."

म्हणूनच मोकाशींच्या सिनेमात दिसणारं गिरगाव खरं गिरगाव नाही. ते नव्याने उभं केलेलं आहे. कला दिग्दर्शन नितीन चंद्रकांत देसाईंचं. २०२३ मध्ये तेही गेले. जुनं शहर पाडलं जातं आणि मग सिनेमासाठी तेच शहर प्लायवूड आणि रंगाने परत बांधावं लागतं. गंमत आहे की नाही!

टेक टू : दादर, म्हणजेच फॅक्टरी

आता मेन लोकेशन. दादर पूर्व.

कॅमेरा आणि माहिती मिळवायला फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले आणि एप्रिलमध्ये परत आले. तिकडे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला जाऊन भेटले, सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम बघितलं आणि विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन आले. परतल्यावर गिरगावातली जागा लहान पडायला लागली, म्हणून बिऱ्हाड हलवलं दादरच्या मथुरा भवन बंगल्यात. तेव्हाचं दादर म्हणजे आजचं दादर नव्हे हं! प्लेगनंतर शहर उत्तरेकडे सरकवायची योजना नुकतीच आकार घेत होती. मोकळी जागा होती, ऊन होतं आणि भाडं परवडत होतं. आज स्टार्टअपवाली पोरं शहराबाहेर टू बीएचके घेऊन ऑफिस थाटतात, अगदी तोच हिशेब.

या बंगल्यात काय काय होतं? राहण्याचं घर. आवारात एक लहानशी काचेची खोली. फिल्म धुवायची अंधारी खोली. कपडेपट. तालमीची जागा. रंगवलेले पडदे लावून उभा केलेला अयोध्येचा राजवाडा. आणि स्वयंपाकघर. या स्वयंपाकघराकडे लक्ष असू द्या, तिथे मी परत येणार आहे.

पैसे उभे करण्यासाठी फाळक्यांनी आधी एक छोटी फिल्म केली, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरायचा आणि रोज थोडं थोडं शूट करत जायचं. महिनाभराने पडद्यावर मिनिटभरात वेल सरसर वर चढते. लोकेशन : एक कुंडी! ती बघून कर्ज मिळालं.

आणि नावाची गोष्ट तर सॉलिडच. तेव्हा 'सिनेमात काम करतो' म्हणणं म्हणजे घरातून हाकलून घेण्यासारखं. म्हणून फाळक्यांनी नटमंडळींना सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर सांगा, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे. पगारही फॅक्टरीसारखाच, महिन्याचा. तारामतीचं काम करायला बाई मिळेना. फाळके वेश्यावस्तीतसुद्धा विचारून आले, तिथूनही नकार. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक हातांचा तरुण सापडला. तिथे दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले असं सांगतात. भारतीय सिनेमाची पहिली नायिका म्हणजे जॉब स्विच केलेला मुलगा! पुढे 'लंका दहन'मध्ये तर त्यानेच राम केला आणि त्यानेच सीता.

ज्या रस्त्यावर हा बंगला होता त्याला आज दादासाहेब फाळके रोड म्हणतात. रणजित स्टुडिओ याच रस्त्यावरचा. पुढे सिनेमाच्या धंद्याने हा भाग किती व्यापला होता त्याची ती खूण. मी रविवारी सकाळी तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चाललो. बँका, हॉटेलं, क्लासच्या जाहिराती. एका पानवाल्याला विचारलं, "मथुरा भवन कुठे होतं?" त्याने दोन्ही बाजूला बघून घेतलं आणि म्हणाला, "फ्लॅट बघताय का?"

बंगला मला सापडला नाही. पाटीही दिसली नाही.

आता त्या स्वयंपाकघराकडे

सरस्वतीबाई फाळके. सगळे त्यांना काकी म्हणायचे. 'फॅक्टरी' बघितला असेल तर विभावरी देशपांडेंची काकी आठवेल. नवऱ्याच्या वेडाला डोळे मिटून हो म्हणणारी नाही, नीट समजून घेऊन हो म्हणणारी.

खरी काकी काय करत होती, ऐका. युनिटची साठ-सत्तर माणसं. त्यांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक घरात. हाताखाली पोरंबाळं. शिवाय विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसायची. ती अंधारात बसून, यंत्रावर, एकेक करून पाडायची. हे काम काकी शिकल्या आणि त्यांनी ते केलं. फिल्म धुवायला मदत केली. आणि शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या, का तर नटाच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. आज सेटवर ज्याला आपण रिफ्लेक्टर म्हणतो, तो दादरच्या एका गृहिणीच्या हातातली पलंगावरची चादर होता.

तारामतीचं काम तूच कर, असंही फाळक्यांनी त्यांना विचारून पाहिलं होतं म्हणतात. त्या नाही म्हणाल्या. इतकी कामं अंगावर असताना कॅमेऱ्यासमोर उभं राहायला वेळ कुठून आणायचा?

फाळक्यांच्या नावाने १९६९ पासून देशातला सिनेमाचा सर्वांत मोठा पुरस्कार दिला जातो. गोरेगावच्या फिल्म सिटीला त्यांचं नाव आहे. दादरच्या रस्त्याला आहे. ते मिळायलाच हवं होतं. पण त्या रस्त्यावर चालताना माझ्या मनात आलं, की हे लोकेशन मुळात एक घर होतं. आणि ते घर चालवत कोण होतं? कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी घरून काम केलं. आपण कॅमेरा ऑन करून मीटिंगला बसलो की मागे कुणीतरी मिक्सर बंद करायचं, पोरांना गप्प करायचं, दारावरची बेल सांभाळायचं. मीटिंगच्या मिनिट्समध्ये त्या माणसाचं नाव कधी आलं नाही.

टेक थ्री : वांगणी

घरात राजवाडा होतो, जंगल कसं होणार? त्यासाठी युनिट गेलं वांगणीला. कर्जत लाइनवर, बदलापूरच्या पुढे. आम्हा खान्देशी लोकांना हे स्टेशन ठाऊक नसतं, कारण मुंबईहून निघालेल्या आमच्या गाड्या कल्याणला डावीकडे कसाऱ्याला वळतात आणि वांगणी उजवीकडे राहतं. दादरहून लोकलने साधारण दीड तास.

इथला किस्सा म्हणजे कॉमेडी सिनेमाचा तयार सीनच. फाळके स्वतः मागून येणार होते. युनिट पुढे पोहोचलं आणि गावातल्या देवळात उतरलं. गावकऱ्यांनी बघितलं की अनोळखी माणसांची टोळी आलीय, पेट्याच पेट्या आहेत. पाटलाला वर्दी गेली, फौजदार आले, पेट्या उघडल्या तर आत तलवारी, ढाली, भाले! दरोडेखोर म्हणून सगळ्यांना पकडलं. ही मंडळी जीव तोडून सांगतायत की आम्ही सिनेमावाले आहोत. पण सिनेमा म्हणजे काय, हेच कुणाला माहीत नाही. फाळके आले, त्यांनी कॅमेरा लावला आणि आत फिल्म न घालताच एक सीन करून दाखवला. तेव्हा कुठे सुटका झाली, असं सांगितलं जातं. कच्ची फिल्म महाग होती, ती फौजदारावर कोण खर्च करणार?

पण याच वांगणीत एक गोष्ट घडली ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रोहिदासाचं काम करणारा भालचंद्र, म्हणजे फाळक्यांचाच मुलगा, खेळताना दगडावर पडला. डोक्याला मार लागला, शुद्ध गेली. राहिलेला सीन होता रोहिदासाच्या मृत्यूचा. सांगतात की फाळक्यांनी त्या बेशुद्ध पोराला चितेवर ठेवून तो सीन उरकला. काम थांबवणं परवडणारं नव्हतं. पुढे मुलगा बरा झाला. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. झपाटलेल्या माणसांच्या गोष्टी आपल्याला आवडतात. त्या झपाटण्याचं बिल घरातलं नक्की कोण भरतं, हे आपण फारसं विचारत नाही.

आजच्या वांगणीत स्टेशनबाहेर रिक्षा, वडापाव, नव्या बिल्डिंगांचे बोर्ड. डोंगर मात्र जागेवर आहेत. पावसाळ्यात अख्खी मुंबई इथल्या धबधब्यांकडे धावते. रिक्षावाल्याला म्हटलं, "इथे पहिल्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं, ठाऊक आहे?" तो म्हणाला, "आमच्या स्टेशनचा व्हिडिओ तर सगळ्या जगाने बघितलाय ना!" त्याचं बरोबर होतं. एप्रिल २०२१ मध्ये याच स्टेशनवर रुळावर पडलेल्या एका लहान मुलाला रेल्वेच्या पॉइंट्समनने समोरून गाडी येत असताना धावत जाऊन वर ढकललं आणि स्वतः जेमतेम वर चढला. सीसीटीव्हीत टिपलेला तो शॉट देशभर बघितला गेला. वांगणीचा सगळ्यात गाजलेला शॉट तोच. त्याला दिग्दर्शक नव्हता.

टेक फोर : नाशिक

सिनेमा चालला आणि ऑक्टोबर १९१३ मध्ये फाळक्यांनी आपली फॅक्टरी नाशिकला हलवली. जन्म जवळच त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. म्हणजे माणूस आपल्या गावाकडे परतला. 'मोहिनी भस्मासुर' इथे झाला आणि त्यात पहिल्यांदा बायकांनी काम केलं : दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. पुढे १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीही नाशिकलाच. आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी अखेरही नाशिकमध्येच.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. बाग, कारंजी, शाळेच्या सहली. एवढ्या भटकंतीत फाळक्यांच्या नावाची मोठी पाटी दिसली ती इथेच.

पण खुद्द सिनेमाचं काय? 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलंय. ती रिळंही १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा बनवलेल्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे बंगला गेला, थिएटरं गेली आणि अर्धा सिनेमाही गेला. त्यामुळे मोकाशींचा विनोदी सिनेमा हाच आज त्या फॅक्टरीचा सगळ्यात ओळखीचा पत्ता झालाय.

ब्रेक के बाद : मालेगाव आणि चाळीसगाव

नाशिकला आलोच होतो तर घरी जाऊन यावं म्हणून भडगावची एसटी धरली. रस्ता मालेगाव, चाळीसगाव करत जातो. आणि खरं सांगतो, फाळक्यांची फॅक्टरी मला या रस्त्यावर सापडली.

मालेगाव म्हणजे यंत्रमागांचं शहर. इथल्या नासिर शेखने, जो आधी व्हिडिओ पार्लर चालवायचा, २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. बजेट पन्नास हजारांच्या आसपास. डाकूंना घोडे परवडेनात, म्हणून डाकू सायकलवर! कॅमेरा वर-खाली न्यायला क्रेन नाही, म्हणून बैलगाडी. नंतर 'मालेगाव का सुपरमॅन' झाला, त्यात हिरो यंत्रमागावर राबणारा काटकुळा शफीक. फैजा अहमद खानची २००८ मधली डॉक्युमेंटरी त्यावरच आहे आणि रीमा कागतीचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये थिएटरात आला. गंमत बघा, या सिनेमांतही नायिका गावातली मिळत नव्हती, बाहेरून आणावी लागायची. फाळक्यांनंतर जवळपास नव्वद वर्षांनी!

पुढे चाळीसगाव. इथे केकी मूस नावाचे फोटोग्राफर होऊन गेले. १९८९ मध्ये वारले. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी स्टेशनजवळच्या आपल्या घरातच काढला, बाहेर पडणं जवळजवळ नाहीच. टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. टेबलावर छोट्या-छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा आणि अख्खा देखावा उभा करायचा. लोकेशन : घरातलं टेबल. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. चाळीसगावला मुंबईहून येणाऱ्या बऱ्याच गाड्या थांबतात. उतरा एकदा.

टेक फाइव्ह : भडगाव

मालेगावजवळून वाहणारी गिरणा पुढे भडगावला येते. उन्हाळ्यात पात्र मोकळं, वाळू, मधेच पाण्याचे डोह. पलीकडे कपाशी, केळी, लिंबाचे मळे. मामाच्या घरी शेवभाजी हाणताना मी माझी सगळी भटकंती सांगितली. मामा ऐकून म्हणाला, "ते सगळं ठीक शे रे भो. पन आपला गावमा काय शे शूटिंग कराले?"

हाच तो प्रश्न. आमच्याकडच्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात बसलेला. लोकेशन म्हणजे दुसरीकडे. जे आपल्याकडे आहे ते लोकेशन नव्हे. शेजारच्या पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी नॅरोगेज गाडी, आमची 'पीजे', शंभर वर्षं धावली आणि २०२० मध्ये बंद पडली. ती धावत होती तोवर तिच्यात बघण्यासारखं काय आहे, हे कुणाला सुचलं नाही. आता तिचे जुने व्हिडिओ एकमेकांना पाठवून सगळे हळहळतात.

पण मामाचं उत्तर त्याच्याच घरात होतं. मामेभाऊ कॉलेजात आहे आणि मित्रांबरोबर अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करतो. खान्देशी गाण्यांना यूट्यूबवर कोटींनी व्ह्यूज मिळतात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला गिरणेवर घेऊन गेला. एक मोबाइल, एक ट्रायपॉड, भाड्याचा फेटा आणि मित्राची बुलेट. हिरो उन्हाकडे पाठ करून उभा, तोंड काळंकुट्ट. तेवढ्यात मामी डबा घेऊन आली. भावाने डबा बाजूला ठेवला, थर्माकोलचा तुकडा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "आई, हाई धर जराशी." मामी पदर डोक्यावर घेऊन भर उन्हात अर्धा तास थर्माकोल धरून उभी! हिरोच्या तोंडावर मस्त उजेड.

मी तिथेच वाळूवर बसून मामेभावाला काकींची गोष्ट सांगितली. चादर, भोकं, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, मग आईचं नाव टाकायला पाहिजे शेवटी." मामी लाजून म्हणाली, "मन्हं नाव कसाले रे?"

तुम्हाला ही लोकेशन्स करायची असतील तर दोन सुट्ट्या पुरतात. पहिल्या दिवशी सकाळी चर्नी रोडला उतरून गिरगाव पायी फिरा, मग दादर पूर्व, दुपारी कर्जत लोकल धरून वांगणी. दुसऱ्या दिवशी नाशिक आणि त्र्यंबकेश्वर. तिसरा दिवस मिळाला तर मालेगावमार्गे चाळीसगाव आणि आमचं भडगाव. निघायच्या आदल्या रात्री 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघून घ्या. आणि काकी पडद्यावर आल्या की मोबाइल खाली ठेवा.

मामेभावाचं गाणं मागच्या महिन्यात अपलोड झालं. व्ह्यूज अजून हजारांतच आहेत. पण शेवटच्या पाटीवर कॅमेरा, एडिटिंग आणि बुलेटवाल्या मित्राच्या आभारांच्या वर एक ओळ आहे : 'प्रकाशयोजना आणि जेवण'. त्यापुढे मामीचं नाव. मामाने तेवढाच भाग तीनदा लावून बघितला म्हणे.